उघड्या पत्राचा विश्वास



स्मृतिव्याख्यानासाठी पोस्टकार्ड हा विषय निवडला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असा एक जाडसर कागद, त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? पोस्टकार्डाबद्दल आज आपण दोनच सुरांत बोलतो. एक सूर हळहळीचा : ते दिवस गेले, ती अक्षरे गेली. दुसरा सूर सहानुभूतीचा : ज्यांना पाकीट परवडत नव्हते त्यांची सोय म्हणून कार्ड होते, आता कोणाला त्याची गरज उरली नाही. हे दोन्ही सूर मला अपुरे वाटतात. कार्ड स्वस्त होते हे खरे, पण त्याचे महत्त्व स्वस्ताईत संपत नाही. ज्याच्यावरचा मजकूर कोणीही वाचू शकतो आणि तरीही जे एका ठरावीक माणसाच्याच नावाने जाते, असे ते पत्र होते. या उघडेपणामुळे ज्या देशात बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्या देशात टपाल सर्वांचे झाले. याच उघडेपणामुळे सामान्य माणसाला न्यायालयाशी, आकाशवाणीशी, सरकारशी थेट बोलता आले. कार्डाचा अर्थ या उघडेपणात आहे आणि म्हणून ते टिकवण्याची जबाबदारी हळहळणाऱ्यांची नसून नागरिकांची आणि शासनाची आहे, हे मला आज मांडायचे आहे.

कार्डाच्या जन्मापासून त्याच्यावर मुख्य आक्षेप या उघडेपणाचाच होता. १८६५ साली हाइनरिख फॉन श्टेफान या जर्मन टपाल अधिकाऱ्याने कार्ल्सरुए येथील टपाल परिषदेत उघड्या पत्राची कल्पना मांडली, ती स्वीकारली गेली नाही. चार वर्षांनी, १८६९ च्या जानेवारीत, एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात तीच कल्पना हिशेबाच्या भाषेत मांडली. बहुतेक पत्रांत मजकूर चार ओळींचा असतो. कागद, पाकीट, लाख आणि लिहिणाऱ्याचा वेळ मात्र मोठ्या पत्राइतकाच जातो. मग लहान मजकुराला लहान दर का नको? ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपाल खात्याला हे पटले आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातले पहिले पोस्टकार्ड विक्रीला आले. बरोबर एका वर्षाने इंग्लंडने अर्ध्या पेनीचे कार्ड काढले. नोकरचाकरांच्या डोळ्यांसमोरून जाणारा मजकूर सभ्य माणसाने लिहावा का, ही कुरबुर तिथल्या प्रतिष्ठित घरांतून झाली. पण ती फार टिकली नाही, कारण लोकांनी कार्डे घेतली आणि लिहायला सुरुवात केली.

हिंदुस्थानात कार्ड आले १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. १८५४ च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असले तरी पत्राचा दर एकच असेल हे तत्त्व आधीच आणले होते, आणि साध्या पत्राला अर्धा आणा पडत असे. कार्डाने तो दर निम्म्यावर आणला. रत्नागिरीहून कराचीला जा किंवा शेजारच्या तालुक्याला जा, पैसा एकच. बोटीने, रेल्वेने, सांडणीने, पायी धावणाऱ्या हरकाऱ्याने, ज्या मार्गाने जमेल त्या मार्गाने ते पोचवण्याची हमी एका पैशात मिळत होती. परक्या सरकारने ही सोय लोककल्याणाच्या उमाळ्याने केली असे मानण्याचे कारण नाही. राज्य चालवायला आणि व्यापार वाढवायला टपाल लागतेच. पण एकदा सोय झाल्यावर ती कशासाठी वापरायची हे लोकांनी ठरवले, आणि इथे युरोपातल्या कार्डापेक्षा आपले कार्ड वेगळे झाले.

तिकडे कार्डाचा उपयोग लवकरच चित्रांकडे वळला. प्रवासाला गेलेल्याने तिथले दृश्य घरी पाठवायचे, ही पद्धत झाली. आपल्याकडेही चित्रकार्डे निघाली. मुंबईत महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेली कार्डे आजही संग्राहक जपतात. पण आपल्या घरांत जे कार्ड आले ते बिनचित्राचे, पिवळसर, दोन्ही बाजूंनी काठोकाठ भरलेले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत, १९५१ साली, देशातले साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. म्हणजे दर पाच माणसांत चारांना पत्र वाचताही येत नव्हते. अशा समाजात बंद पाकिटाचे गुप्ततेचे वचन कितीसे उपयोगी? निरक्षर माणसाचे पत्र दुसऱ्यानेच लिहायचे आणि पोचल्यावर तिसऱ्यानेच वाचून दाखवायचे. त्याच्यासाठी प्रत्येक पत्र मुळातच उघडे होते. कार्डाने ही वस्तुस्थिती मान्य केली आणि तिच्यासाठी जादा पैसे घेतले नाहीत. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्यांमध्ये राहणारा चाकरमानी सातवी शिकलेल्या एखाद्या गाववाल्याला शेजारी बसवून मजकूर सांगे. पैसे मनीऑर्डरने जात, आणि त्या फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावरही दोन ओळींची जागा असे. पण भात लावून झाले का, गाय व्याली का, म्हातारीचा खोकला कसा आहे, पोराचे नाव शाळेत घातले का, या प्रश्नांना कार्डच लागे. कोकणात किंवा साताऱ्याच्या डोंगरात पोस्टमन ते नुसते देऊन जात नसे. तो ओटीवर बसून वाचून दाखवी, आणि उत्तर हवे असेल तर पुढच्या फेरीला लिहूनही घेई. ज्यांना अक्षर येत नव्हते अशा माणसांनी या देशात अक्षरशः कोट्यवधी पत्रे लिहिली, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतलेली नाही.

मजकुराची रीतही या गरजेतून घडली. मराठी पत्राचे मायने फार जुने. मोडीतल्या पत्रव्यवहारात त्यांनी अर्धी जागा व्यापलेली असे. कार्डावर जागा मोजकी, म्हणून ‘सा. न. वि. वि.’, ‘ति. स्व.’, ‘चि.’, ‘ता. क.’ ही आखूड रूपे घरोघरी रुळली. इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी, मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद : या साच्यावर पुढे शिकलेल्या लोकांनी पुष्कळ टीका केली, पुष्कळ विनोदही केले. पण जो माणूस मजकूर सांगतो आहे आणि लिहिणारा त्याचा नातलग नाही, त्याला साचा आधार देतो. काय बोलायचे हे सुचले नाही तरी पत्र पुरे होते आणि कोणाचाही मान राहून जात नाही. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लागत. मृत्यूच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईलाही ते हातात पडताक्षणी काय घडले आहे ते कळे. असे कार्ड घरात ठेवत नसत. अक्षरापलीकडची ही लिपी लोकांनी स्वतः तयार केली, टपाल खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकात ती नव्हती.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. उघडे पत्र म्हणजे पाळत. सासरी नांदणाऱ्या मुलीने माहेरी कार्ड लिहायचे ते सासऱ्याच्या देखत, आणि माहेरचे उत्तर आधी सासू ऐकणार. मग त्यात ‘मी सुखात आहे’ याखेरीज दुसरे काय येणार? किती बायकांचे दुःख या साच्याखाली दडपले गेले असेल याची मोजदाद नाही. आक्षेप खरा आहे. दलित वस्तीतल्या माणसाला गावातल्या वरच्या जातीच्या लेखनिकाकडे मजकूर सांगावा लागत असेल, तर त्याचेही तेच. पण दोष नेमका कुठे आहे ते पाहू. ज्या घरात सुनेचे कार्ड वाचले जाई, त्या घरात तिचे पाकीट फोडले जात नसे असे कोणी म्हणेल का? पाकिटाचा डिंक तिला स्वातंत्र्य देऊ शकत नव्हता. तिला स्वातंत्र्य दिले ते तिच्या स्वतःच्या साक्षरतेने आणि स्वतःच्या हातातल्या पैशाने. १९५० साली आंतर्देशीय पत्र आले, बंद करता येणारे आणि पाकिटापेक्षा स्वस्त. ज्यांना झाकून लिहायचे होते आणि लिहिता येत होते त्यांनी ते वापरले. कार्डाने त्यांना अडवले नाही. शिवाय माहेरची माणसे मजकुराइतकीच नियमितताही वाचत. महिन्याला येणारे कार्ड दोन महिने आले नाही, अक्षर बदलले, नेहमीचा एखादा प्रश्न गाळला गेला, तर भाऊ एसटी पकडून बहिणीच्या गावी जाई. पाळत ठेवणारा मजकूर पाहू शकतो, पण न आलेले कार्ड त्याला थांबवता येत नाही. तरीही मी हे मान्य करतो की कार्डाचा उघडेपणा दुबळ्या माणसाला घरात पुरेसा नव्हता. त्याचे खरे सामर्थ्य घराबाहेर दिसते.

घराबाहेर या देशाने कार्ड कशाकशासाठी वापरले ते पाहा. आडत्याने शेतकऱ्याला गुळाचा, हळदीचा भाव कळवायचा तो कार्डाने. सहकारी सोसायटीच्या सभेची नोटीस, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्याचे स्मरण, संपादकाची लेख मिळाल्याची पोच, गावोगावच्या व्याख्यानमालांचे वक्त्याला आमंत्रण, हे सगळे कार्डावर. उत्तराची खात्री हवी असेल तर जोडकार्ड पाठवायचे, म्हणजे समोरच्याला खर्च नको. रेडिओ सिलोनवर १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींच्या टेबलावर दर आठवड्याला हजारो पत्रे येऊ लागली. झुमरीतलैया हे बिहारमधले, आताच्या झारखंडातले, गाव देशाला ठाऊक झाले ते केवळ तिथल्या श्रोत्यांच्या फर्माइशींमुळे. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली नावे अशीच हवेत पोचवली. ज्याचे नाव गावच्या चावडीतही कोणी घेतले नसते, त्याचे नाव, त्याच्या गावासकट, सगळ्या राज्याने ऐकले. खर्च एका कार्डाचा.

याहून मोठी गोष्ट न्यायालयात घडली. १९७९ साली तिहार तुरुंगातल्या सुनील बात्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्यावर झालेल्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९८१ च्या डिसेंबरात एस. पी. गुप्ता खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हे तत्त्व स्पष्ट केले : गरिबी, दुबळेपणा किंवा सामाजिक स्थितीमुळे ज्यांना न्यायालयापर्यंत येता येत नाही, त्यांच्या वतीने कोणी साधे पत्र लिहिले तरी न्यायालय दखल घेईल. वकील नाही, मुद्रांक नाही, टंकलेखन नाही. जनहित याचिकेच्या त्या पहिल्या काळात देशभर पोस्टकार्ड हे न्यायालयाच्या दाराचे प्रतीक झाले, ते उगाच नव्हे. पुढे १९८८ मध्ये कोणती पत्रे याचिका मानावीत याचे निकष ठरवावे लागले, इतकी पत्रे येऊ लागली. त्यातली पुष्कळ निरर्थक असतील, काही खोडसाळही असतील. पण दार उघडे ठेवायचे म्हणजे नको असलेले पाहुणेही येणार, हे न्यायालयाने पत्करले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून राष्ट्रपतींना पोस्टकार्डे पाठवण्याची मोहीम आपल्याकडे झाली, तिच्यातही हीच समजूत होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तो दर्जा मान्य केला. कार्डांमुळेच मिळाला असा दावा मी करणार नाही. त्यामागे विद्वानांच्या अहवालाचे आणि सतत पाठपुराव्याचे काम आहे. पण भाषेच्या प्रश्नावर शाळकरी मुलापासून निवृत्त शिक्षकापर्यंत कोणालाही स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या पत्त्यासह राष्ट्रपतींना लिहिता आले, ही लोकशाहीतली साधी गोष्ट नाही.

आता दुसरा आक्षेप, हिशेबाचा. टपाल खात्याच्या २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार एक कार्ड पोचवायला सरासरी १२ रुपये १५ पैसे लागत होते आणि खात्याला मिळत होते ५० पैसे. अर्ध्या रुपयाचे नाणे बाजारातून नाहीसे झाले तरी कार्ड त्याच दराला आहे. कोणताही अर्थमंत्री म्हणेल, हा आतबट्ट्याचा व्यवहार किती दिवस चालवायचा? या आकड्याकडे दोन अंगांनी पाहावे लागेल. एक म्हणजे हा सरासरी खर्च आहे. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली दहात नऊ ग्रामीण भागात आहेत. ग्रामीण डाकसेवक सायकलवर त्याची फेरी करणारच. पिशवीत निवृत्तिवेतन, बँकेचे कार्ड, आधारचे पाकीट असणारच. त्या पिशवीत आणखी एक कार्ड पडल्याने खर्च बारा रुपयांनी वाढत नाही, आणि कार्ड बंद केल्याने बारा रुपये वाचतही नाहीत. दुसरे म्हणजे तोटा कोणामुळे होतो हे खात्याने स्वतःच एकदा शोधून काढले होते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ या कार्यक्रमाच्या प्रश्नांची उत्तरे म्हणून पंधरा पैशांच्या कार्डांचा असा पूर आला की खात्याने स्पर्धेसाठी वेगळे, महाग कार्ड काढले. नंतर पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेले पंचवीस पैशांचे मेघदूत कार्डही निघाले, त्यात जाहिरातदाराच्या पैशातून लिहिणाऱ्याला सवलत मिळाली. व्यापारी वापराने किंमत मोजावी आणि साध्या नागरिकाचे कार्ड स्वस्त राहावे, हा शहाणपणाचा मार्ग खात्याला ठाऊक आहे. तोच नेटाने चालवायला हवा.

कार्डाची किंमत हा कधीच निव्वळ हिशेबाचा प्रश्न नव्हता. १९२२ मध्ये पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्याचे झाले, १९३० च्या दशकाच्या आरंभीच्या मंदीत पाऊण आण्याचे झाले, आणि दिल्लीच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकाच्या वेळी मिठावरच्या कराबरोबर कार्डाच्या दरावरही लोकनियुक्त सभासद सरकारला धारेवर धरत. गांधीजी तर स्वतःचा प्रचंड पत्रव्यवहार जमेल तितका कार्डांवर भागवत. स्वातंत्र्यानंतरही १८९८ च्या टपाल कायद्याच्या परिशिष्टात कार्डाच्या दराची कमाल मर्यादा लिहिलेली असे, त्यामुळे ती ओलांडायची तर विषय संसदेत आणावा लागे. २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात दर ठरवण्याचे काम टपाल सेवांच्या महासंचालकांच्या विनियमांकडे गेले आहे. प्रशासनाच्या सोयीचे ते असेल, परंतु एका पैशाच्या कार्डासाठी ज्या सभागृहात वाद झाले तिथे आता तो प्रश्न येणारही नाही, याची मला काळजी वाटते. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली तेव्हा निदान बातमी झाली, शेवटची तार पाठवायला रांगा लागल्या. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले तेव्हा चर्चा थोडी झाली. कार्ड याहूनही मुकाट्याने जाऊ शकते. बंद झाल्याची घोषणा लागत नाही. खिडकीवर ‘शिल्लक नाही’ एवढे उत्तर वर्षभर मिळाले की पुरे.

तिसरा आक्षेप सर्वांच्या खिशात आहे. मोबाइलवर संदेश फुकट आणि क्षणात जातो, मग कार्ड कशाला? खुशालीसाठी मोबाइल उत्तम आहे. दुबईतल्या मुलाचा चेहरा आईला रोज दिसतो, याच्यापुढे महिन्याने येणाऱ्या कार्डाची थोरवी सांगणे मला निर्दय वाटेल. पण सार्वजनिक बोलण्याचे काय? समाजमाध्यमावरचे बोलणे उघडे असते, पण ते कोणालाच उद्देशून नसते. म्हणून त्याचे उत्तर देण्याचे बंधन कोणावर येत नाही. ढकललेल्या संदेशाचा कर्ता सापडत नाही. सरकारी संकेतस्थळावर तक्रार करायला खाते, परवलीचा शब्द, मोबाइल क्रमांक लागतो, आणि अर्ज भरताना यंत्र अडले तर माणूस तिथेच संपतो. कार्डाला यांतले काही लागत नाही. त्यावर लिहिणाऱ्याचे अक्षर असते, एकाच माणसाचे नाव असते, आणि कोणत्या तारखेला, कोणत्या गावाहून निघाले हे सांगणारा तिऱ्हाइताचा ठसा असतो. पत्त्यातला सहा आकडी पिन क्रमांकही एका मराठी अधिकाऱ्याची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला, एकाच नावाच्या अनेक गावांत पत्रे भरकटत म्हणून. ज्याच्याकडे फोन आहे पण बोलायचे धाडस नाही, ज्याच्याकडे फोनच नाही, ज्याला आपले म्हणणे वाटेत दहा जणांनी वाचले तरी चालेल असे वाटते किंबहुना वाचावेच असे वाटते, त्या सर्वांसाठी या व्यवस्थेला आजही पर्याय नाही. २०२१ च्या डिसेंबरात स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ लाख पोस्टकार्डांची मोहीम टपाल खात्याने शाळांतून राबवली, मुलांनी पंतप्रधानांना लिहावे म्हणून. सरकारला स्वतःला लोकांचा आवाज ऐकायचा होता तेव्हा त्याने कार्डच निवडले. मग तोच मार्ग लोकांना त्यांच्या गरजेच्या दिवशी मोकळा मिळायला हवा.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. साध्या कार्डाचा दर काय असावा हे संसदेत ठरावे, आणि प्रत्येक टपाल कार्यालयात, शाखा कार्यालयातसुद्धा, ते नेहमी विक्रीला असावे. तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. उद्या आपल्या भागातल्या टपाल कार्यालयात जा, कार्ड मागा. मिळाले तर पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा जो प्रश्न तुम्हाला खुपतो त्याबद्दल आपल्या नगरसेवकाला, आमदाराला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना नाव-पत्त्यासह चार ओळी लिहा. आणि कार्ड शिल्लक नाही असे उत्तर आले, तर रिकाम्या हाताने परतू नका. तिथली तक्रारवही मागून घ्या आणि तारीख घालून तसे लेखी नोंदवा.